बाचा उपास

मी घर सोडलं तो रविवार मिस्साचा, म्हणजे ख्रिस्ती उपासनेचा होता. खर्डीच्या पलीकडच्या आमच्या पाड्यावर फादर मुरबाडकडून जीपने महिन्यातून दोनदाच यायचे. त्या दिवशी ते नऊला येणार होते आणि माझी रिक्षा आठला. वहिनीने मला तांदळाची भाकरी वाढली. बा समोर बसला होता, चहाचा घोटही न घेता. "तू खा गो, तुला लांब जायचाय," म्हणाला. मिस्साआधी मी घरात खाल्लेला तो पहिला घास. गिळताना चोरी केल्यासारखं वाटलं. बा स्टेशनवर आला नाही. त्याला प्रार्थनेची खोली झाडून चटया घालायच्या होत्या.

पाड्यावर आमची सहाच ख्रिस्ती घरं. बाच्या बापाला जुन्या फादरांनी शिकवलं होतं, मिस्सात ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्त ज्यात येतो ती भाकर, घ्यायचा तर रात्रीच्या जेवणानंतर तोंडात काही घालायचं नाही. पुढे नियम एका तासावर आला. बाने तो ऐकला, पाळला मात्र नाही. "पावना यायचाय नि आपून आधीच जेवून बसायचं? बरं दिसतं काय?" म्हणायचा. आम्ही पोरंही तशीच बसायचो. जीपला उशीर झाला की पोटात कावळे ओरडायचे, आणि मग मिस्सा झाल्यावर सहाही घरं एकत्र जेवायची. त्या डाळभातासारखा डाळभात मला पुन्हा कुठे मिळालेला नाही. तुमच्यापैकी जे असे घर सोडून गेले त्यांना हे वेगळं सांगायला नको.

इथे माल्टात मी एका म्हातारीकडे केअरगिव्हर आहे. तिला मी नान्ना म्हणते, म्हणजे इथली आजी. नान्नांना शुगर आहे. दिवसातून चारदा बोट टोचून मशीनवर आकडा बघायचा आणि वेळेवर भरवायचं, हे माझं काम. चर्च तीन मिनिटांवर, मिस्सा रोज. कॉफी पिऊन तासभर थांबलं की झाला उपास. कधी सुरू झाला आणि कधी संपला कळतही नाही. शुगर बालाही आहे. त्याचं बोट कोणी टोचत नाही.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी मी नान्नांना नाश्ता देत असताना वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे अकरा वाजून गेले होते. दादा कल्याणला ड्युटीवर.

"फादर अजून आलं नाय. बाने सकाळची शुगरची गोळी घेतली नि नुसत्या पान्यावर बसलाय. घामाघूम झालाय. तूच सांग त्याला."

तिने फोन बासमोर धरला.

"बा, दोन बिस्किटं खा. आजाऱ्याला उपास नसतो, फादरच सांगतात."

"येतील आता. जीप वाजली ना?"

जीप वाजली नव्हती. बाची जीभ जड झाली होती. शुगर उतरल्याचं ते जडपण ओळखायला मला इथे ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. मग फोन कलंडला, छपराचे पत्रे दिसले आणि वहिनी किंचाळली.

"साखर! वहिनी, गालाच्या आत बोटाने साखर चोळ! पाणी पाजू नकोस!" मी मराठीत ओरडत होते आणि नान्ना हातात चमचा धरून माझ्याकडे बघत होत्या. तेवढ्यात नेटवर्क गेलं. पुन्हा पुन्हा लावला, लागेना. नान्नांचं इन्सुलिन देऊन झालं होतं, त्यांचं खाणं थांबवता येत नव्हतं. मी पाव दुधात बुडवून त्यांना भरवला, तोंड पुसलं. दुसरं काय करणार होते?

तासाभराने कळलं, बा शुद्धीवर आला होता. फादर पाठोपाठच पोचले. वाटेत टायर फुटला होता. त्यांनी बाचा हात धरून सांगितलं, ती साखर म्हणजे औषध, औषधाने उपास मोडत नाही, चल. सगळे ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत गेले. बा भिंतीला टेकून बसून राहिला.

संध्याकाळी मी त्याला विचारलं, गोळी चालते, मग साखर का चालत नाही?

"गोळी कडू असते. साखर गोड लागली गो मला," बा म्हणाला. "तू जगवलंस. तुझा राग नाय. पन मला इचारलं नायस."

बेशुद्ध माणसाला काय विचारायचं, हे माझ्या ओठांवर आलं होतं.

पुढच्या मिस्साला बाने ख्रिस्तप्रसाद घेतला, पहिल्यासारखंच रात्रीपासून उपाशी राहून. फादरांनी समजावलं, दादाने आवाज चढवला, उपयोग झाला नाही. बाने फक्त एक गोष्ट बदलली. मिस्साची तारीख मला कळवायची नाही, असं त्याने वहिनीला बजावलं. "ती तिकडं जीव टांगून बसते," म्हणाला. वहिनी त्याचा शब्द मोडत नाही. मी फोन केला की सगळं बरं आहे म्हणते आणि बाकडे देते.

"जेवलीस काय गो?" तो विचारतो.

"जेवले. तू?"

"जेवीन."

घर म्हटलं की पूर्वी मला अंगण दिसायचं, माणसं दिसायची. आता घर म्हणजे महिन्यातले दोन रविवार, आणि ते कोणते हे मला माहीत नाही. म्हणून दर रविवारी, नान्नांना भरवून झालं की, मी फोन समोर ठेवून बसते.