मावशींचं बाकडं आणि माझा फॉर्म

थांबा, हे आत्ताच लिहून टाकते, नाहीतर परत हिंमत व्हायची नाही. आमच्या बाकडंमावशींबद्दल आहे. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या गेटजवळ त्या एकाच बाकड्यावर बसायच्या, म्हणून हे नाव. दर शनिवारी बाहेरगावच्या पेशंटना केसपेपर कुठे, एक्स-रे कुठे, हे दाखवणारा आमचा बारा-पंधरा व्हॉलंटियरचा ग्रुप. आणि आम्हाला सांभाळणाऱ्या मावशी. करी रोडच्या चाळीतल्या, वॉर्डात आयाचं काम करून रिटायर झालेल्या.

त्यांचा नियम एकच. ड्युटी संपली की सरळ घरी जायचं नाही, आधी पाच मिनिटं बाकड्यावर. कुरमुऱ्यांचा डबा पुढे करायच्या आणि विचारायच्या, “आज काय जड गेलं गो?” ‘काही नाही’ हे उत्तर चालायचंच नाही. “काय नाय म्हणणारा घरी जाऊन आईवर खेकसतो,” म्हणायच्या. खरं होतं यार!

माझ्या पहिल्याच दिवशी जालन्याच्या एका आजींना मी छातीठोक सांगून आले, “आजोबा नक्की बरे होणार!” मावशी भडकल्या. “तू काय डॉक्टर? रांग दाखव, पाणी दे, हात धर. खोटं देऊ नको.” मी रडायला लागले, तर लगेच पदर पुढे. “रड. पण पेशंटसमोर नाय, माझ्यासमोर. पदर काय, धुवायचाच असतो.”

मग तीन वर्षांनी ग्रुपचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्या डोक्यात सिस्टिम घुसली. मी मोबाइलवर फॉर्म बनवला. नाव, वॉर्ड, आणि शेवटी मावशींचाच प्रश्न: आज काय जड गेलं? पोरं खूश, दोन मिनिटांत मोकळी. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “मावशी, आता तुम्ही ताटकळत बसू नका हां.” त्या हसल्या. “बरं झालं बाय. गुडघे सुटले माझे.”

तरी त्या यायच्याच. बाकड्यावर एकट्या, मांडीवर डबा. एका शनिवारी मला हाक मारली, “बस गो जरा.” मला दादरला मैत्रिणीकडे जायचं होतं. चालता चालताच ओरडले, “मावशी, फॉर्ममध्ये टाका ना!” आणि स्वतःच्याच जोकवर हसले पण.

त्यानंतर त्या दिसल्या नाहीत. गावी गेल्या असतील, म्हटलं. फोन? नाही केला. दोन महिन्यांनी ग्रुपमधल्या दोघी अचानक यायच्या बंद झाल्या, म्हणून मी पहिल्यांदाच ते फॉर्म उघडले. हो, पहिल्यांदाच! भरायला लावले सगळ्यांना, वाचला एकही नव्हता. त्यात मावशींचा एक होता, त्याच शनिवारचा. “बहीण वरच्या वॉर्डात आहे. रोज डबा नेते. आज तिने मला ओळखलं नाही.”

लगेच फोन लावला. बहीण गेली होती. मावशी तिच्या घरी, कणकवलीला. मी म्हटलं, “मावशी, तुमचा फॉर्म आज वाचला.” त्या म्हणाल्या, “शेजारच्या पिंकीने लिहून दिलान. बरोबर भरलाय ना?” सॉरी म्हणायच्या आधीच मला रडू फुटलं. “रड,” त्या म्हणाल्या. “पण गो, तू आता कोणाकडे बसतेस?”

फॉर्म बंद केलाय मी. शनिवारी बाकड्यावर मीच बसते, कुरमुरे घेऊन. त्या दोघींपैकी एक परत आलीये. पण एक गोष्ट खातेय मला. इतक्या वर्षांत मावशींना त्यांचाच प्रश्न आम्ही कुणी एकदाही विचारला नाही. त्या दिवशी फोनवरसुद्धा रडले मी आणि विचारलं त्यांनीच.

तुमच्याकडूनही झालंय का असं? सगळ्यांचं ऐकणारं माणूस कधीतरी “बस जरा” म्हणालं, आणि तुम्ही चालतच राहिलात?