कबुतरांच्या खेळाचं बोलावणं

गेल्या नवरात्रात मी देवीशी अबोला धरला होता. देवळात जायची, ओटीही भरायची, पण सगळं तोंडदेखलं. हे गेल्यापासून प्रत्येक गोष्टीचा शीण आला होता. यांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसून मी तिला हाका मारल्या आणि ती आली नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

त्यात नेपानगरच्या आमच्या कॉलनीतल्या मुलांचा खेळ गळ्यात पडला. दरवर्षी आम्ही दोघं प्राण्यांची एखादी जुनी गोष्ट गोंधळाच्या ढंगात बसवायचो. गाणी माझी, संबळ यांचा. त्या वर्षी पारध्याच्या जाळ्यासकट उडून जाणारी कबुतरं घेतली. गोंधळात आधी गावोगावच्या देवांना नावं घेऊन बोलावतात आणि मगच कथा सुरू होते. मी ते बोलावणंच काढून टाकलं. नवरात्र मंडळाला सांगितलं, वेळ कमी आहे. खरं कारण रुसवा होता.

खेळाच्या दिवशी दुपारी देवळापुढच्या मांडवात शेवटची तालीम होती. मी टाळ्यांचा ठेका देत होते, पण जाळं काही उठेना. कबुतरं झालेली अकरा मुलं ते अकरा दिशांना ओढत होती. मंडळाचे अध्यक्ष हळूच म्हणाले, "काकू, नाही जमत तर रहने दो. गरब्याची गाणी लावून देऊ." खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. मी पायरीवर बसले आणि म्हटलं, लावा.

देवीला केळीचा घड वाहायला फोपनार गावची एक बाई आली होती. खांबाला टेकून बघत होती. ती म्हणाली, "बाई, तुम्ही तर देवीले बोलावलंच नाही. मंग खेळ कसा उभा राहीन?"

मी चिडून म्हटलं, "बोलावलं होतं. आली नाही."

माझ्या रिकाम्या कपाळाकडे तिनं पाहिलं. "तुम्ही रुसा ना मंग, तुमचा हक्क हाय. पोरायनं काऊन रुसाचं?"

एवढं म्हणून तिनंच पदर खोचला आणि खणखणीत आवाजात तापीमाईला खेळाला बोलावलं. मुलांना गंमत वाटली. कुणी देडतलाईच्या मारुतीला हाक घातली, कुणी मामाच्या गावच्या म्हसोबाला. मग सगळ्यात धाकटं कबूतर झालेली मुलगी माझ्याकडे वळली. "काकू, काकाजींना पण बुला लें?"

माझ्या उत्तराची तिनं वाट पाहिली नाही. "काकाजी, खेळाला या!" आणि मागून सगळी एका दमात ओरडली.

मी वर्षभर दाबून ठेवलेलं रडू तिथेच फुटलं. रडता रडताच यांचा संबळ पुढे ओढला. पूजेसाठी म्हणून तो आणला होता. मी कधी वाजवला नव्हता. काठ्या वेड्यावाकड्या पडत होत्या, पण ठेका सुटला नाही, आणि जाळं एकदम वर उठलं.

संध्याकाळी खेळ झाला. ती बाई तोवर निघून गेली होती. नावही विचारायचं राहिलं. तिचे उपकार फिटायचे नाहीत. यांना का नेलं, ते देवीनं मला अजून सांगितलेलं नाही. मीही आता विचारत नाही. रोज दिवा लावताना तिला हाक मारते. यायचं की नाही, ते तिचं तिनं ठरवावं.