आठल्यांच्या गाडीतली पाच बोटं

“हलवा गाडी! तिच्या मागे भूत लागलंय, आणि तुम्ही पाळणा हलवताय!” ग्रॅहम इंग्रजीत एवढ्या जोरात ओरडला, की ख्राइस्टचर्चमध्ये भूकंपातून वाचलेल्या दोन-चार भिंती त्या दिवशी नक्की पडल्या असणार. भर दुपारी, एका रिकाम्या शेडमध्ये, खिडक्यांना काळं प्लास्टिक लावून आम्ही रात्र केली होती. चाकाखाली फळी घालून मी आणि वसंतराव आठल्ये गाडी खालीवर करत होतो. दोघंजण टॉर्च घेऊन शेजारून पळत होते, ते समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे. एकजण फांदी घेऊन पळत होता, ते जंगल.

ग्रॅहम मूळचा लीड्सचा. माझ्या फार्मसीत खोकल्याचं औषध न्यायला यायचा. इंग्लंडातल्या मित्रांकडून चिमूटभर पैसे गोळा करून तो भयपट काढत होता. निर्मनुष्य रस्ता, रात्र, एकटी बाई आणि तिचा पाठलाग. अख्खा सिनेमा रस्त्यावरचा, आणि रस्त्यावर जायची ऐपत नाही. गाडीसुद्धा नव्हती. आठल्यांची मीच सुचवली. म्हटलं, भुताच्या धाकाने तरी हा माणूस दचकेल.

आठल्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर, पुण्याचे. भूकंपानंतर शहर उभारायला आले ते इथलेच झाले. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंतीवर टकटक करायचे आणि निकाल द्यायचे, “बसा. हे टिकेल.” आमच्या नव्या घराला म्हणाले, “जेवण होईपर्यंत टिकेल.” माझी बायको वर्षभर सोफ्यावर अंग चोरून बसत होती. त्यांची बायको, आमच्या कुंदावहिनी, त्यांना टोचायच्या, “भिंतीशी बोलून झालं असेल तर माणसांनाही नमस्कार करा.”

मग वहिनी गेल्या. आजारपण लहानसंच. त्यानंतर आठल्ये कुठेही बसू लागले, भिंतीकडे न बघता. रडले नाहीत, कुणावर चिडले नाहीत. आमटी खारट झाली, “चालेल.” मुलीने कायमचं पर्थला बोलावलं, “चालेल.” तुम्ही बांधलेल्या पुलाला तडा गेलाय, अशी मी एकदा मुद्दाम थाप मारली. म्हणाले, “जाईल.” झोपलेल्या माणसाकडूनही मी हुंकार वसूल करतो, पण त्या दिवशी मीच उठून घरी आलो.

गाडी देताना त्यांनी ग्रॅहमला एवढंच सांगितलं, “डॅशबोर्ड जपा.” का, ते मला ठाऊक होतं. गाडी घेतली तेव्हा वहिनींनी तिची पूजा करून ओल्या कुंकवाची पाच बोटं डॅशबोर्डवर उमटवली होती. ती उन्हाने उडू नयेत म्हणून आठल्ये गाडी सावली शोधून लावायचे. त्यापायी सुपरमार्केटपासून मैलभर चालायचे. बरं, मैलभर नसेल, पण पिशव्या मी उचलल्यात.

चहा घेऊन आम्ही परत आलो, तर डॅशबोर्ड आरशासारखा लखलखत होता. मेकअप करणारी टिली हातात फडकं घेऊन उभी. मालकाने जपायला सांगितलेलं, म्हणून तिने तो खास पुसला होता. “कसलेतरी लाल डाग होते,” ती कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. “हीप्स घासावं लागलं.” हीप्स म्हणजे इथल्या भाषेत ढीगभर.

ते डाग नव्हते, यांच्या गेलेल्या बायकोची बोटं होती, असं मी सांगितलं. त्यात पदरचं काही घातलं नाही. टिलीने फडकं पाठीमागे लपवलं. आठल्ये चाकाखालची फळी पुन्हा धरून उभे राहिले.

ग्रॅहमने शूटिंग थांबवलं. सकाळी घेतलेल्या सीनमध्ये डॅशबोर्ड दिसत होता. ते चित्र त्याने लॅपटॉपवर मोठं केलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. मग सिनेमातल्या खोट्या रक्तात स्वतःची बोटं बुडवली आणि तो रेड्याएवढा माणूस, श्वास रोखून, एकेक बोट जागच्या जागी टेकवत गेला. मला वाटलं, आता तरी आठल्ये ओरडतील. ओरडावं त्यांनी, शेड पडली तरी हरकत नाही.

ग्रॅहम बाजूला झाला. आठल्ये आत वाकले. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले.

“जरा जाड आलीत,” ते म्हणाले.