गाळपेरीतली नाव

हे गेले तेव्हा नावेत बसलेले होते. नाव जमिनीवर होती. पाणी मागे गेलं होतं.

आमच्या कळमनुरीत मात्र बातमी आली ती बुडाल्याची. धरणावरची नाव, नावेत माणूस आणि माणूस गेला, एवढं ऐकल्यावर कुणालाही तेच वाटणार. शेजारच्या खाला माझा हात धरून बसल्या होत्या. त्या पुन्हा पुन्हा विचारायच्या, “भाभी, उनकू तो तैरना आता था ना? दर्या में रहे हुए आदमी.”

मी म्हणायचे, तिथे पाणी नव्हतं.

त्या मान डोलवायच्या. मग म्हणायच्या, “फिर डूबे कैसे?”

हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेही मी त्यांना सांगितलं. पण खालांचा प्रश्न मला माझ्या उत्तरापेक्षा खरा वाटत होता. पाणी नसताना माणूस नावेत कशाला बसतो?

ह्यांची सगळी नोकरी नौदलात झाली. मी इथल्याच कॉलेजच्या ग्रंथालयात होते. ते सुट्टीवर यायचे, आणि आले की चार-दोन दिवस त्यांना जमीन हलल्यासारखी वाटायची. निवृत्त होऊन कायमचे घरी आले तेव्हा मला वाटलं, आता हे घरात दिसतील. पण त्यांनी एक विचार सोबत आणला होता. नौदलाच्या राखीव दलात शिकायला जाणारी आपल्याकडची मुलं पहिल्याच दिवशी घाबरतात, कारण विहिरीपेक्षा मोठं पाणी त्यांनी पाहिलेलं नसतं. मग शिकवणीच्या नावा समुद्रावरच का ठेवायच्या? आपल्याकडे एवढाली धरणं आहेत. तिथे ठेवाव्यात, मुलांना इथेच तयार करावं.

ते वरिष्ठांना भेटत राहिले. धरणात ना लाट, ना मीठ, तिथे शिकणार काय, असं त्यांना कुणीतरी विचारलं होतं. “पाण्यावर बसायला शिकतील,” हे म्हणाले, “मीठ नंतर चाखतील.” हे त्यांनी मला जेवताना सांगितलं आणि स्वतःच हसले. मला ते उत्तर आवडलं होतं. पटलं होतं की नाही, ते आज सांगता येत नाही.

दोन नावा ट्रकवरून आल्या. एक फायबरची आणि एक जुनी, लाकडी. आखाडा बाळापूरला ट्रक चहासाठी थांबला तर भोवती गर्दी जमली. हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. खालून कुणीतरी विचारलं, “काय येऊन राहिलं हे? मिरवणुकीचं हाय का?” दुसरा म्हणाला, “न्हाई रे, नवरदेव पुढं बसलेला दिसून राहिला की.” घरी येऊन ह्यांनी दोन्ही आवाज काढून दाखवले.

इसापूरचं धरण त्या साली काठोकाठ भरलं होतं. ह्यांनी काठावर जागा पाहिली, नावा बांधायला खुंट रोवले, झेंड्यासाठी खांब उभा केला. रविवारी आसपासची मुलं-मुली यायची आणि शिट्टीवर वल्ही मारायची. फाइलीतल्या नकाशावर त्यांनी काठाची रेघ ओढली होती. चूक तिथेच झाली. हे जन्मले इथलेच, पण त्यांचं सगळं आयुष्य समुद्राकाठी गेलं. तिथलं पाणी मागे जातं आणि त्याच दिवशी परत येतं. आमच्या धरणाचं पाणी संक्रांतीनंतर हटायला लागतं ते पुढच्या पावसापर्यंत हटतच राहतं. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, ती माणसं मग उघड्या पडलेल्या गाळात पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात.

पुढच्या जानेवारीत हे मुलीकडे पुण्याला गेले. तिचं बाळंतपण होतं. मुक्काम वाढत गेला. परत आले तर फायबरची नाव मुलांनी पाण्यामागोमाग ओढत नेलेली होती, पण लाकडी नाव जड म्हणून जागेवरच राहिली होती. ती गाळात बसली आणि गाळ वाळला. ज्यांची ती गाळपेर, त्या काठच्या गावातल्या भाऊंनी तिच्या चहूबाजूंनी टरबुजं लावून टाकली होती.

“भाऊ, माझी नाव!” हे म्हणाले.

“हाय ना बराबर. कुटं पळून चालली ती? पर येल तुडवून नेता येणार न्हाई, कप्तान. टरबुजं निघू द्या.”

ह्यांनी ते मान्य केलं. त्या रविवारपासून शिकवणी टरबुजांच्या मळ्यात सुरू झाली. मुलं ओळीनं बांधावरून यायची, नावेत चढायची आणि हवेत वल्ही मारायची. भाऊ खालून ओरडायचे, “जोरात मारा रे! आज पुसदला पोचलं पायजे!” हे चिडायचे नाहीत. मग त्याच नावेच्या सावलीत बसून दोघं टरबूज फोडायचे.

टरबुजं निघाली तरी नाव निघाली नाही. पुढचा पाऊसही तिथवर पाणी घेऊन आला नाही. हे मात्र रोज दोन कॅन मोटारसायकलला बांधून जायचे आणि भाऊंच्या पंपावर भरून नावेत ओतायचे. लोक नावेतलं पाणी बाहेर काढतात, हे आत ओतायचे. गावात त्यावर पुष्कळ हसून झालं. मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, समुद्राची सवय आहे, देवाला पाणी घालतात तसं काहीतरी असेल.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाला हे गेले. नावेत बसलेले, कॅन शेजारी.

दहाव्याला आम्ही धरणाच्या पाण्याशी गेलो. पिंड ठेवला. कावळे होते, पण कुणी खाली उतरेना. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखावी लागते आणि ती पुरी करू असा शब्द द्यावा लागतो. धाकटे दीर पुढे झाले. “वहिनीची काळजी करू नको, मी हाय.” कावळा आला नाही. मुलगी रडत म्हणाली, “बाबा, मी दर महिन्याला येईन.” आला नाही. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी त्यांच्याबरोबर एवढी वर्षं काढलेली, मला माहीत असणारच, असं त्यांना वाटत होतं. मी हात जोडून उभी राहिले. पुस्तकातल्या माणसांच्या मनातलं मला सांगता आलं असतं, ह्यांच्या नाही.

मागून भाऊ म्हणाले, “कप्तान, तुमची नाव पाण्यात घालतो. माजा शब्द हाय.”

कावळा तरीही आला नाही. ऊन चढलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही परत आलो. त्यांची इच्छा काय होती ते मला त्या दिवशी कळलं नाही.

पुढच्या महिन्यात नौदलाचे साहेब आले. वयानं तरुण होते, बोलणं नम्र होतं. आता इथे बघणारं कुणी नाही, दोन्ही नावा परत न्यायच्या, असं त्यांनी सांगितलं. फायबरची नाव त्याच दिवशी ट्रकवर चढली. लाकडीजवळ भाऊ उभे राहिले.

“ही न्हाई नेता येणार. म्या शब्द देलाय.”

“अहो, पण कावळा शिवला नाही, असं मी ऐकलं.”

“त्यो शिवला न्हाई तर त्याची मर्जी. शब्द माजा हाय.”

साहेब माझ्याकडे वळले. “मॅडम, तुमचं काय म्हणणं?”

माझ्या तोंडातून निघालं, पाणी येईपर्यंत राहू द्या. त्यांनी नावेच्या फळ्यांवरून हात फिरवला, एका फटीत बोट घातलं. “तोवर ही तरंगायची नाही. लाकूड सुकलं की फळ्या आकसतात. ओलं ठेवावं लागतं.” मग म्हणाले, “ठीक आहे. तरंगली तर रीतसर नेऊ. नाही तरंगली तर भंगारात द्यावी लागेल.”

ते गेल्यावर मी त्या फटीत बोट घालून पाहिलं. बोट आरपार गेलं. ह्यांच्या कॅनचा अर्थ मला अशा रीतीनं कळला. पण नुसतं पाणी ओतायचं होतं तर ते आत का बसले होते, ते कळलं नाही. दमले होते? की आत बसल्यावर त्यांना काही वेगळं दिसायचं? मी आत बसून पाहिलं. टरबुजाचे वेल दिसले आणि लांब धरणाच्या पाण्याची रेघ.

तो सगळा उन्हाळा मी सकाळच्या बसनं जात राहिले. भाऊ पंप लावून द्यायचे. मी पाणी ओतायचे ते फटींतून खाली वेलांना जायचं. भाऊ म्हणायचे, “वहिनी, टरबुजं लई गोड होऊन राहिली बगा.” हळूहळू गळणं कमी झालं. मी हे कशासाठी करत होते, विचाराल तर भाऊंच्या शब्दासाठी असं सांगेन. ते पुरतं खरं नाही, पण दुसरं काही सापडत नाही.

पावसाळ्याच्या शेवटी धरणाचं पाणी तिथवर आलं. आधी नाव पाण्याखाली बसली, नुसते काठ वर. भाऊ म्हणाले, “गेली.” आम्ही कॅन कापून त्या डबड्यांनी पाणी उपसलं, पण ते पुन्हा भरलं. दोन-चार दिवसांनी उपसलं तेव्हा तेवढं भरलं नाही. मग भाऊंनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून खांदा लावला आणि नाव हलली. फार नाही, थोडी सरकली आणि वळली. भाऊंनी हात सोडले. ते तिच्याकडे न बघता वर आभाळात बघत होते. कावळा कुठेच नव्हता.

“वहिनी, हेच व्हतं ना त्यांचं?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

साहेबांनी सांगितल्याप्रमाणे ट्रक पाठवला. नाव आता समुद्राकाठच्या कुठल्यातरी शाळेत आहे. धरणावर एकही नाव नाही. झेंड्याचा खांब आहे. पाणी हटलं की भाऊ त्याच्या भोवती टरबुजं लावतात आणि पहिलं टरबूज माझ्याकडे आणून देतात.