कपाटातल्या पोरीचं पुढं काय झालं

माझी नात मला तालुक्यातली सगळ्यात बिघडलेली आज्जी म्हणते, आणि मी ते एखादं पदक मिळाल्यासारखं मिरवते. रान, तंबू आणि तोंड झाकलेला खुनी असलेला सिनेमा तिच्या मोबाइलमध्ये उतरला की दुपारची भांडी मोरीतच राहतात. आम्ही दोघी भिंतीला टेकून एका चादरीत शिरतो.

"आज्जी, आधी ह्याचा पहिला भाग बघूया काय?" ती विचारते.

पहिला कशाला? पहिल्या भागात कोण कोण आहे हे कळेपर्यंत अर्धी माणसं संपलेली असतात. मला दुसरा, तिसरा, जमला तर पाचवा लागतो. तोवर खुनी आपल्या घरचा झालेला असतो. तो कुठल्या दारानं येणार, कुणाची बॅटरी विझणार, "तुम्ही बसा, मी एकटीच बघून येते" असं कुठली शहाणी म्हणणार, सगळं ठाऊक असतं. आणि ठाऊक असूनही ओरडायला मिळतं! ह्या वयात ह्याच्याहून स्वस्त चैन मला तरी सापडलेली नाही.

आमच्या रानात, कुळगीला, सरकारी तंबू आहेत. शहरातली पोरं तिथं मजेला येतात. दांडेलीला जाताना ती रस्त्याकडेला दिसली की मी नातीच्या कानात सांगते, "तो चष्मेवाला पहिला जाणार. पिवळ्या टोपीची ती बारकी, ती शेवटपर्यंत टिकणार." नात हसून हसून पुढच्या सीटवर कपाळ आपटून घेते, आणि बसमधली माणसं आमच्याकडं बघत बसतात.

पण मी जन्मतः अशी नव्हते. लग्न होऊन ह्या घरी आले तेव्हा मी अव्वल भित्री होते, आणि भित्री असून तोऱ्याची, म्हणजे दोन्हीकडून कामाची नाही.

तेव्हा सुगी संपली की कुंभारवाडा गावात एक व्हिडिओवाला यायचा. रिकाम्या गोदामात टीव्ही मांडायचा, बाहेर जनरेटर लावायचा आणि खिडक्यांना पोती ठोकून भर दुपारी अंधार करायचा. मी, आमचे हे आणि माझी धाकटी नणंद असे तिघं गेलो. सिनेमा इंग्रजी. बोलणं कुणाला कळत नव्हतं, पण किंकाळी काय, ती सगळीकडं सारखीच असते. डोक्यावर पोतं घातलेला एक माणूस हातात कोयता घेऊन रानातल्या घरात पोरापोरींना हुडकत होता. एकेक करून सगळी गेली. उरली एक पोरगी. ती जाऊन लाकडी कपाटात लपली. पोतंवाला आला. त्याचा हात कपाटाच्या कडीवर पडला.

आणि मी बाहेर! कधी उठले, कुणाच्या पायावर पाय दिला, काही आठवत नाही. "आत गुदमरलं, म्हणून जरा चांगल्या हवेला आले," असं मी जनरेटरच्या काळ्या धुरात उभी राहून सांगितलं.

घरी जाताना मी नणंदेला सहज विचारावं तसं विचारलं, "ती कपाटातली वाचली काय गे?"

"सांगणार न्हाई," ती म्हणाली. "पळालीस कशाला?"

ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, "मला झोप लागली होती." नवरा म्हणून त्या माणसाचा उपयोग किती, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी ते घडलं. मी परसात सारवायला शेण कालवत होते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सकाळीच रानात गेलेले. त्यांना सर्दी झाली होती, आणि आमच्याकडं सर्दीला तांबड्या मुंग्यांची चटणी लागते. त्या मुंग्या झाडावर पानं चिकटवून घर बांधतात. ते घर फांदीसकट तोडून आणायचं. चावतात अशा की माणूस नाव विसरतो. म्हणून मामंजी डोक्यावर डोळ्यांपुरती दोन भोकं पाडलेलं पोतं घालून जायचे. कोयता तर इथल्या प्रत्येक गड्याच्या कमरेला असतोच.

मी मान वर केली. फणसाच्या मागून पोतं आलं. पोत्याला दोन भोकं. हातात कोयता. आणि तो फुसफुसत, धापा टाकत सरळ माझ्याकडं येत होता. पुढं कळलं की पोत्यात मुंग्या शिरल्या होत्या, तोंड उघडलं तर जिभेला चावतील म्हणून ते नाकानंच ओरडत होते.

ह्यावर शहाण्या सुनेनं काय करावं? मी शेणाची सगळी पाटी त्यांच्यावर उलटी केली, घरात धावले, माळ्यावर चढले आणि शिडी वर ओढून घेतली. माळ्याच्या फटीतून बघते तर खुनी अंगणात नाचतोय! दणका बसल्यानं हातातलं मुंग्यांचं घर फुटलं होतं आणि सगळं लष्कर मामंजींच्या अंगावर सुटलं होतं. आत्ती, म्हणजे माझी सासू, हंड्यानं पाणी ओतत होती आणि मधेच हसू दाबायला तोंड फिरवत होती. सिनेमातला खुनी असा नाचत नाही, एवढं माझ्या ध्यानात आलं. पण शिडी मी दुपारपर्यंत सोडली नाही.

मामंजींचा निकाल एका ओळीचा होता. "ह्या घरातली सूनबाय परत व्हिडिओला जायची न्हाई."

वर्षभर मी भात लावलं, कापलं, झोडलं, आणि सगळा वेळ माझ्या डोक्यात तो कडीवरचा हात. ती पोरगी गेली की राहिली? नणंद चिडवायला कधी हळूच म्हणायची, "बिचारी," कधी म्हणायची, "हुशार हो ती," आणि पुढं गप्प. चुलीपुढं बसून मी त्या पोरीची सुटका करायचे. कधी तिला कपाटाच्या मागची फळी फोडून देत होते, कधी तिच्या हातात माझी विळी. एकदा त्या नादात भाकरीचा कोळसा केला.

सुगी झाली आणि बसच्या थांब्यावर पाटी लागली: तोच सिनेमा, भाग दुसरा. माझा जीव खालीवर झाला. दुसरा भाग आहे म्हणजे कोणीतरी उरलंय! खुनी तर उरलाच असणार, त्याशिवाय सिनेमा कसा होईल. पण ती? ती असली तर दुसऱ्या भागात येणारच, आणि मी इथं घरात बसणार!

मी धीर करून मामंजींपुढं उभी राहिले. "एकडाव जाऊ दे मला. ती पोर जिवंत हाय का, एवढं बघून येते."

"कोण पोर?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मिशी ओढली. मग म्हणाले, "माझ्या हातातलं मुंग्यांचं घर तू पाडलंस. एक घर तू झाडावरनं उतरवून आण. मग जा."

नणंद खिदळली. "झालं! हिचा भाग दुसरा बोंबलला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडीचा काचा मारला, कमरेला कोयता खोचला आणि ते पोतं डोक्यात घातलं. आत इतका उकाडा आणि पोत्याचा इतका कुबट वास की विचारू नका. नाक खाजत होतं, खाजवता येत नव्हतं. दोन भोकांतून समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं काहीच नाही. चार पावलांत मी गोठ्याच्या खांबाला धडकले. आणि तिथंच, खांबाला मिठी मारून, मला जोरात हसू आलं. अरे, त्याला काही दिसतच नसणार! म्हणून तर पोरी बाजूनं निसटतात, म्हणून तर तो असा हळूहळू चालतो. मी वर्षभर भ्यायले ते एका ठेचकाळणाऱ्या, घामेजलेल्या गड्याला.

काजूच्या झाडावर चढले. मुंग्या मनगटाला डसल्या, गळ्याशी शिरल्या, मी नाकानं ओरडले. फांदी तोडून, घर धोतराच्या धडप्यात बांधून घरी आणलं. आत्ती दारात उभी होती. मला बघून तिनं छातीवर हात मारला, "अगो बाय, आला, आला!" म्हणत ती माळ्याच्या शिडीकडं पळाली, आणि पहिल्याच पायरीवर बसून पोट धरून हसली.

मामंजींनी चटणी चाटली. "मीठ कमी हाय," म्हणाले. मग धोतर झटकत उठले. "मीबी येतो. माझ्यासारखा दिसतो म्हणता, तर बघू तरी कोण हाय तो."

रविवारी दुपारी आम्ही गोदामात बसलो. माझ्या एका बाजूला नणंद, दुसऱ्या बाजूला मामंजी. पडद्यावर नवीच पोरंपोरी आली, हसली, नाचली. ती कुठं दिसेना. पोतंवाला मात्र वेळेवर हजर. मामंजी मोठ्यानं म्हणाले, "कोयता कसा धरलाय बघ! डाळ घोटतोय काय?" सगळं गोदाम हसलं. पण पहिला पोरगा पडला आणि मामंजींनी खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांवर ओढला. दुसरा पडला तेव्हा टॉवेलाच्या दोन घड्या झाल्या.

मी डोळे मिटले नाहीत. अर्धा सिनेमा सरला. ती नव्हती. तिसरा गेला, चौथी गेली. एवढ्या मुंग्या चावून घेऊन ती मेलेलीच निघाली म्हणायची.

तेवढ्यात घराचं दार उघडलं. आत एक बाई आली. केस बारीक कापलेले, एका पायानं लंगडत. तिनं मान वर केली आणि मी उभीच राहिले.

"हाय! मामंजी, हाय, जिवंत हाय!"

"बस खाली!" मागून आठ-दहा जण ओरडले.

टॉवेलाच्या आतून आवाज आला, "कोण? तो?"

"न्हाई वो, ती! कपाटातली!"

मामंजींनी टॉवेल काढला आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या मागं पोतं उभं राहिलं. मामंजी असे किंचाळले की व्हिडिओवाला बाहेरून धावत आला. त्यांनी माझं मनगट पकडलं, मुंग्या चावल्या होत्या तेच. मी पुटपुटत राहिले, "बाजूला हो बाय, बाजूला हो, त्याला बाजूचं दिसत न्हाई." आणि ती झाली! झटक्यात बाजूला सरली, तो खांबावर आदळला. मी एवढ्या जोरानं टाळ्या पिटल्या की नणंद माझ्याकडं बघतच राहिली. पुढं बरीच पळापळ झाली, पण उजाडल्यावर ती लंगडत, आपल्या पायांनी, त्या रानाबाहेर पडली. मी शेवटचं अक्षर वर सरकेपर्यंत बसून राहिले.

आम्ही घरी पोचलो. अंगणात आत्ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मामंजी तिच्यासमोर थांबले, जवळच्या नात्यातली खबर आणावी तसे.

"पोर वाचली," ते म्हणाले.

आत्तीनं सूप खाली ठेवून हात जोडले. "देव पावला. आणि कुणाची वो पोर?"