गाळा नंबर सातचा पुराचा विमा

१२ मे, सोमवार. ऊन कडक, आभाळ कोरं, वारा अजिबात नाही.

अंधेरी पूर्वेला, नाल्याला पाठ लावून उभ्या असलेल्या आमच्या दुमजली औद्योगिक इस्टेटीच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं आहे. इथे पाणी भरलं तर दोन दिवसांत उतरतं, किस्से मात्र उतरत नाहीत. कँटीनमध्ये चहाबरोबर ते फुगत जातात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत गुडघ्याएवढं पाणी गळ्याएवढं होतं! म्हणून मी रोजच्या रोज, तारीख आणि हवेसकट, डायरीत लिहून ठेवते. यंदाचे किस्से बहुतेक गाळा नंबर सातचे आहेत, आणि त्यांत माझाही हात आहे.

*

त्या बारा मेच्या उन्हात विमा एजंट कुलकर्णींनी गाळेवाल्यांची मीटिंग घेतली. ते म्हणाले, "आगीच्या पॉलिसीत वादळ-पुराचं कलम असतं. नको असेल तर काढता येतं, हप्ता थोडा कमी होतो."

पहिल्या मजल्यावरचे लेबल छापणारे शाहभाई उठलेच. "मी वरती बसतो. पाणी काय जिना चढून येणार? काढून टाका!"

सगळे हसले. तळमजल्यावरच्या सात नंबरचे परब, बुक बाइंडिंगवाले, त्यांनीही हात वर केला. "माझापण काढा."

मी म्हटलं, "परब, तुमची फरशी रस्त्याच्या दोन पायऱ्या खाली आहे."

"ताई, वीस वर्षांत एकदाच पाणी इला."

"मग परत येणार नाही असं लिहून देऊन गेलंय का?"

परब हसले आणि पुराच्या कलमासकट सही केली. मग हळूच म्हणाले, "ह्या वयात आता दुसऱ्यांदा उभा रव्हाची ताकद नाय. पाणी इला आणि क्लेम नाय मिळालो, तर गाळो बंद करून गावाक जातलंय. आणि जाताना तुमका शिव्या घालतलंय!"

*

फॉर्ममध्ये प्रश्न होता : जवळपास नदी, खाडी, नाला आहे का? परबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, "मागे नाला आहे, पण तो आपलाच आहे."

कुलकर्णींनी कपाळाला हात लावला. "अहो, आपला म्हणजे?"

"चाळीस वर्षां बघतंय त्येका. ता एकदा सोडून कधी वायट वागलो नाय."

मी ती ओळ खोडून "भिंतीपासून बारा फूट" असं लिहायला लावलं. टेप धरून मोजलं होतं. परब दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत!

*

पॉलिसीत एक अट होती. माल जमिनीपासून किमान सहा इंच वर ठेवायचा. बाकीच्या गाळेवाल्यांनी दोन विटा टाकल्या आणि मोकळे झाले. परबांनी माल ठेवायला लाकडी पॅलेट बनवले, स्टीलची पट्टी लावून प्रत्येक कोपरा तपासला आणि मला बोलावलं.

"बघा. सव्वासहा."

"सहा चालले असते हो."

"कटिंगवाल्याक सहा म्हणजे सहा नसता, ताई. पाव इंच मार्जिन लागताच!"

*

आमच्या पाणी उपसायच्या पंपांवर पास्कल असतो, गोराईचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. ऑफिसात भरती-ओहोटीचा छापील तक्ता लावलाय, पण पास्कल त्याच्याकडे बघत नाही. सकाळी आईला फोन करतो.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी पहाटेपासून पाऊस लागला होता. अकरा वाजता पास्कल ऑफिसात आला, टोपी काढली. तो टोपी काढतो म्हणजे गंभीर असतं.

"मंदाताई, आई बोलली, होड्या वर ओढल्यात. दुपारी मोठी भरती हाय."

"पंप आहेत ना तीन?"

"पंप हायत. पन पानी टाकू कुठं? नाल्यातच खाडी शिरनार!"

मी लगेच सगळ्या गाळ्यांना सांगून आले. एक वाजेपर्यंत प्रत्येक दाराला वाळूच्या गोणी लागल्या.

*

पाणी दारातून आलंच नाही. ते आलं मोरीतून!

सात नंबरच्या मागच्या मोरीतून आधी बुडबुडे आले, मग काळं पाणी. सुलभावहिनी, परबांच्या मिसेस, ओरडल्या, "अहो, आधी देव उचलू की पुस्तकं?"

"आधी मेन स्विच!"

अंधार झाला. परब, वहिनी, पास्कल आणि मी कागदाचे गठ्ठे वर चढवत होतो. पॅलेट बुडाले, मग त्यांवरच्या लोखंडी रॅकमधले खालचे थर. परबांची कागद कापायची कटिंग मशीन तर चार जणांनाही हलणारी नव्हती. तिची मोटर खाली असते. परब पाण्यात उभे राहून एका हाताने मशीनचं टेबल धरून होते. काही उपयोग नव्हता, तरी धरून होते.

बाहेर पॅसेजमध्ये शाहभाईंचे लेबलचे रोल तरंगत चालले होते. सकाळीच टेम्पो आला होता, लिफ्ट बंद म्हणून माल खालीच ठेवलेला! शाहभाई वरच्या गॅलरीतून ओरडत होते, "मंदाबेन, पकडो! अरे पकडो!"

पाणी पावणेदोन फुटांवर थांबलं. साडेपाचला उतरायला लागलं.

*

कुलकर्णींचा फोन आला, "नुकसान बघायला विमा कंपनीचे सर्व्हेयर शुक्रवारी येणार. तोपर्यंत कशालाही हात लावू नका. चिखल तसाच राहू दे." मी सात नंबरमध्ये स्वतः जाऊन सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या.

शुक्रवारी सकाळी गेले तर फिनेलचा वास! फरशी चकाचक, भिंती पुसलेल्या, दारात चार पाकळ्यांची रांगोळी.

"वहिनी, भिंतीवरची पाण्याची खूण?"

"घासून काढली. ब्रशने!"

"सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"म्हणजे काय, येणारा माणूस चिखलात उभा राहणार? लोक काय म्हणतील?"

पाणी कुठवर चढलं त्याचा पुरावाच ब्रशने गेला होता. ओले गठ्ठे तेवढे जागेवर होते, कारण ते फुगून लोखंडी रॅकमध्ये असे घट्ट अडकले होते की वहिनींना ओढता आले नाहीत.

*

सर्व्हेयर गमबूट घालून आले, रांगोळी ओलांडून आत शिरले. पॅलेट मोजले, मान हलवली. कोरडी भिंत बघितली, कपाळावर आठी आली. मग खाली वाकून फुगलेले थर मोजले, फोटो काढले. सुलभावहिनींनी पदर तोंडाला लावला होता.

मग ते मशीनपाशी आले. दयाळू माणूस असावा. फॉर्मवर लिहीत लिहीतच म्हणाले, "कटिंग मशीन. मोटरमध्ये पाणी. बंद. बरोबर ना?"

"बंद?" परब म्हणाले. "माझी मशीन?"

कुलकर्णी खोकले. मी म्हटलं, "परब, जरा थांबा."

"माका बंद मशीन बघवणा नाय, साहेब. दोन दिवस मोटर खोलून हॅलोजनखाली सुकवलंय. बेअरिंग धुतलंय, ग्रीस भरलंय." त्यांनी हिरवं बटण दाबलं. एक कोरा गठ्ठा ठेवला, पातं खाली आलं. कापलेली कड त्यांनी सर्व्हेयरपुढे धरली. "बोट फिरवा. केसाचो फरक नाय!"

सर्व्हेयरनी बोट फिरवलं. "दुरुस्तीचं बिल?"

"मीच केलंय. माझा बिल मीच माका देऊ?"

पेन कागदावर टेकलेलं, पण हलत नव्हतं. सर्व्हेयरनी आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि सावकाश विचारलं, "परब, नीट आठवून सांगा. काही त्रास? आवाज? गरम होते? मधेच थांबते?"

कुलकर्णी पुन्हा खोकले, या वेळी जोरात.

"छ्या!" परब म्हणाले. "पैल्यापेक्षा बरी चालता!"

सर्व्हेयरनी लिहिलेली ओळ खोडली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ऊन, दुपारी एक सर. पत्र आलं. कागदाचा क्लेम मंजूर. मशीनचा नामंजूर. २० सप्टेंबर, शनिवार. सात नंबर नेहमीसारखा सकाळी साडेआठला उघडला. गावाचं नाव नाही, शिव्याही नाहीत.