उसनी प्रयोगशाळा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट खोली दिसते. डावीकडे तीन खिडक्या, त्यातली एक कायमची बंद, कारण तिला टेकून कपाट उभं केलंय. मध्ये दोन टेबलं, कडा आम्लानं खाऊन काळ्या पडलेल्या. बेसिनचा नळ ठिबकतोय आणि आवाज होऊ नये म्हणून कुणीतरी त्याखाली स्पंज ठेवलाय. या सगळ्याच्या मधोमध, पाहुण्या राजासारखा, एक भलामोठा पांढराशुभ्र सूक्ष्मदर्शक. काल तो इथे नव्हता. उद्याही नसणार आहे.

प्रवेश माझ्या भाचीचा. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात काचपट्ट्यांची पेटी, आणि दोन्ही कुठे ठेवायचं ते तिला सुचत नाहीये.

माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. घरात तिला भिंगरीच म्हणतात. बोलता बोलता उठायचं, दुसऱ्या खोलीत जायचं आणि वाक्य तिथून पूर्ण करायचं, हा तिचा लहानपणापासूनचा खाक्या. अशा मुलीनं अभ्यासाला काय घ्यावं? दगडफूल! जुन्या भिंतींवर, दगडांवर राखाडी-हिरव्या चकत्या उगवतात ना, ते. वर्षभरात तांदळाच्या कणीएवढं वाढलं तरी ही आनंदानं नाचते. देवानं जोड्या जमवताना कधीकधी चेष्टा करायची ठरवलेली असते, दुसरं काय!

ती शिकवते ते कॉलेज शहराच्या टोकाला, एका जुन्या सुताच्या गोदामात. शेजारी रंगाचा कारखाना होता. तो बंद पडला, चिमणी थंडावली आणि त्याच्या लांबलचक भिंतीवर दगडफूल परतू लागलं. कोणती जात आधी आली, कोणती अजून यायला तयार नाही, यावरून तिथल्या हवेत आणि दगडात किती विष उरलंय ते कळतं म्हणे. दर वर्षी भिंगरी आपल्या वर्गातली मुलं घेऊन त्या भिंतीला पारदर्शक कागद लावते आणि एकेका चकतीची कड पेनानं गिरवते.

"पण गिरवून नुसता आकार कळतो गं मावशी," ती मला म्हणायची. "पोटात काय आहे ते कळत नाही."

पोटातलं कळायला चांगला सूक्ष्मदर्शक हवा, धातूंच्या तपासण्या हव्यात, आणि त्यासाठी संशोधन मंडळाचं अनुदान हवं. गेल्या वर्षी मंडळानं नकार दिला. कारण काय, तर कॉलेजात मूलभूत सुविधा नाहीत.

"म्हणजे उपाशी माणसाला सांगायचं, आधी ढेकर देऊन दाखव, मग वाढतो!" भिंगरी माझ्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत म्हणाली होती. त्यात अनुदानाला वयाची अट. यंदाचं तिचं शेवटचं वर्ष. या वेळी हुकलं तर कायमचं हुकलं.

तिचे प्राचार्य भले गृहस्थ, पण संकटात त्यांच्या डोक्यात फार कल्पना येतात. "मॅडम, या वेळी त्यांना ढेकर ऐकवूच," ते म्हणाले आणि मंडळाची समिती पाहणीला येणार त्या एका दिवसासाठी नदीपलीकडच्या मोठ्या कॉलेजातून यंत्रं मागून आणली. भिंगरीचा वर्गमित्र तिथे विभागप्रमुख आहे. त्यानं ती दिली, वर बजावलंही, "ओरखडा आला तर तुझा पगार माझा."

आणि खोली सजवायला मला बोलावणं आलं. उभं आयुष्य मी नाटकातल्या कापडाच्या राजवाड्यांत वावरले, मला काय जड! मी पडदे धुऊन लावले. टेबलांचे डाग दिसू नयेत म्हणून त्यांवर हिरवं कापड घातलं. सूक्ष्मदर्शक असा ठेवला, की दारातून येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच पडावी. भिंगरी मात्र मी ठेवलेली प्रत्येक वस्तू उचलून दुसरीकडे ठेवत होती.

"मावशी, हे सगळं खोटं दिसतंय."

"अगं, नाटक म्हटलं की खोटं आलंच."

"तुझ्या प्रेक्षकांना ते माहीत असायचं ना? तिकीट काढून यायचे ते."

तेवढ्यात बाहेर मोटार थांबली.

समिती तिघांची. पुढे अध्यक्ष, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. मागे एक प्राध्यापिका आणि टिपणं घेणारा कारकून. मी मागच्या स्टुलावर, अंग चोरून. प्राचार्यांनी आपलं पाठ केलेलं भाषण न अडखळता म्हटलं. अध्यक्षांनी सूक्ष्मदर्शकाभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं, मान डोलावली.

"सुंदर. असं यंत्र तर आमच्याकडेसुद्धा नाही."

प्राचार्यांचा चेहरा उजळला. अध्यक्ष कारकुनाकडे वळले. "लिहा, सुविधा पुरेशा." मग भिंगरीकडे पाहून अगदी मायेनं म्हणाले, "आता मॅडम, तुम्हीच सांगा. इतकं सगळं असताना आमची मदत एखाद्या गरजू कॉलेजला गेलेली बरी, नाही का?"

समोरच्या नटानं मध्येच दोन पानं गाळून पुढचं वाक्य म्हटलं की आपल्याला आपलं वाक्यच सापडत नाही. प्राचार्यांचं तसंच झालं. आणि भिंगरी? ती स्तब्ध उभी होती. जन्मात पहिल्यांदा मी तिचे दोन्ही पाय एका जागी पाहिले.

"सर, हे आमचं नाही. आजच्यापुरतं मागून आणलंय."

"म्हणजे मॅडमना असं म्हणायचंय की..." प्राचार्य पुढे सरसावले.

"मला काय म्हणायचंय ते त्यांना ऐकू येतंय, सर." मग ती अध्यक्षांना म्हणाली, "गेल्या वर्षी काही नव्हतं, म्हणून तुम्ही नाही म्हणालात. यंदा सगळं दिसलं, तरी नाहीच. मग नेमकं किती असलेलं चालतं, ते एकदा सांगून टाका. तेवढंच उसनं आणू."

मागच्या प्राध्यापिकाबाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. अध्यक्ष हसले नाहीत. "उसनं सामान आपलं म्हणून दाखवणं ही गंभीर गोष्ट आहे. मला ती लिहावी लागेल."

"लिहा. पण आमचं स्वतःचं जे आहे, ते बघून मग लिहा."

ती मागच्या दारानं बाहेर पडलीसुद्धा. समिती तिच्या मागे, समितीच्या मागे मी. भर उन्हात ती त्या भिंतीच्या कडेनं चालत सुटली. ही चकती पहिल्या वर्षीची, ही मधेच मेली, ही इथे आहे पण दहा पावलांवर नाही, का नाही तेच मला शोधायचंय! अध्यक्ष आधी घड्याळ पाहत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि नाक भिंतीला लावलं. ते विचारायचे, ही उत्तर देईपर्यंत पुढच्या चकतीशी पोचलेली असायची, आणि ते बिचारे धापा टाकत मागे.

त्यानंतरचे आठवडे! फोन वाजला की ही जिन्यावर. नाही वाजला, तरी जिन्यावरच. माझ्याकडे यायची, चहात साखर ढवळत राहायची आणि चहा न पिता निघून जायची.

शेवटी मंडळाचं उत्तर आलं. होकार, पण शेपटासकट. उसनवारीमुळे कॉलेजवर विश्वास उरला नव्हता, म्हणून पैसे मोठ्या कॉलेजला मिळणार. मुख्य संशोधक म्हणून वर्गमित्राचं नाव, ही त्याची सहायक. नवं यंत्र त्यांच्याकडे राहील, हिनं आठवड्यातून एकदा जाऊन वापरावं.

वर्गमित्रानं स्वतःहून फोन केला. "अगं, हो म्हण. कागदावर मी, काम तुझं."

"आणि माझ्या मुलांनी काय बघायचं? माझं बसचं तिकीट?"

प्राचार्य म्हणाले, "पदरात पडतंय ते घ्या, मॅडम." मीही तेच म्हटलं. सांगितलं, की बाई, मला अर्धं आयुष्य दुय्यम भूमिका मिळाल्या. त्यांवर घर चाललं, कधी टाळ्याही पडल्या. शेवटचं वर्ष आहे, रुसू नकोस. तिनं सगळं ऐकून घेतलं, तेही बसून. मला उगाच वाटलं, समजली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली, दारातच चपला उडवून थेट खिडकीशी गेली.

"कळवलं मी मंडळाला."

"काय कळवलंस?"

"नाव त्याचं पहिलं असू दे, माझं काही जात नाही. पण यंत्र आमच्या खोलीत राहणार. यंत्र टेम्पोत घालून आणता येतं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. भिंत नेता येत नाही."

"असं लिहिलंस? जसंच्या तसं?"

"प्राचार्यांनी त्याला 'सविनय' जोडलं. घाम फुटला होता त्यांना, पण सही केली."

मी कपाळाला हात लावला. "आणि ते नाही म्हणाले तर? तुझं वर्ष तर गेलंच ना?"

तोवर ती पुन्हा दारात पोचली होती, एक पाय चपलेत, दुसरा हवेत.

"गेलं तर माझं जाईल. आमच्याकडे नवी मुलगी लागलीय शिकवायला, तिचं वय अजून अटीत बसतं, पुढच्या वर्षी ती अर्ज करेल. तू आधी माझी दुसरी चप्पल कुठे उडाली ते बघ, मुलं भिंतीपाशी थांबलीत."